काकांनी वायर सोडली

"पाय घासू नका, उचला!"

स्टुडिओच्या दारात चपला काढणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत काका याच वाक्यानं करत. आलेला माणूस बँकेचा मॅनेजर असो की चहावाला. गुजराती असला तर "पग ऊंचा राखजो!" बिचारा गोंधळून बगळ्यासारखा एकेक पाय उचलत आत यायचा आणि मी कॉम्प्युटरमागे तोंड लपवून हसायचे.

काकांचा स्टुडिओ सुभानपुऱ्यात, एका बंगल्याच्या खालच्या हॉलमध्ये होता. बडोद्यात तेव्हा डिजिटल कॅमेरे नुकते येऊ लागले होते. काकांनी पन्नाशी उलटल्यावर रोलचा कॅमेरा कपाटात ठेवला आणि नवा जपानी घेतला. त्याच्याबरोबर एक लांब काळी वायर आली. तिचं एक टोक कॅमेऱ्यात, दुसरं कॉम्प्युटरमध्ये. इकडे काकांनी बटण दाबलं की तिकडे फोटो पडद्यावर हजर. पार्टीला तो लगेच दिसायचा, आणि पार्टी खूश. त्या कॉम्प्युटरपुढे बसून आलेला फोटो तपासायचा आणि जपून ठेवायचा, ही माझी नोकरी. माझे वडील रेल्वेत. मी कॉम्प्युटरचा क्लास नुकताच संपवला होता, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

या वायरनं काकांची झोप उडवली. कॅमेऱ्यात ती जिथं बसायची ती जागा फार नाजूक. कुणाचा पाय अडकला तर ती जागा तरी तुटणार, नाहीतर अख्खा कॅमेरा स्टँडसकट आडवा होणार. जमिनीवर चिकटपट्टी लावून पाहिली, तर तिचा गोंद वायरला आणि वायर आमच्या चपलांना चिकटू लागली. शेवटी काका मांडवीच्या बाजारात गेले आणि परकराच्या लाल नाड्यांचा गठ्ठाच घेऊन आले. दुकानदार ओळखीचा. त्यानं विचारलं, "काका, घरमां केटली बायडीओ छे?"

"एकच छे," काका म्हणाले, "पण जपानी छे."

त्या नाड्यांनी ते वायर स्टँडला बांधत. वर कॅमेऱ्यापाशी थोडी ढील ठेवून एक गाठ, मग मधे, मग पायाशी. म्हणजे हिसका बसला तरी तो स्टँडला बसावा, कॅमेऱ्याच्या तोंडाला नको. गाठ त्यांच्या आजोबांची. आजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यांवर होते. "घोडं कितीही ओढू दे, गाठ आवळतच जाते," काका सांगत. "पण आपण हे मोकळं टोक खेचलं, की फटकन सुटते. वेळ आली तर शिपायाला घोडं सोडता यायला नको?" हे ते ऐकणाऱ्याला वेळ आहे की नाही याचा विचार न करता सांगत. मला तर ते पाठ झालं होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची काळजी आधी विनोदी वाटते, मग त्रासदायक, आणि कधीतरी आपल्यालाही तीच सवय लागते. एकदा माझ्या खुर्चीचं चाक वायरवरून गेलं. काका काही बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. संध्याकाळी सेवउसळीची पुडी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "खा. रस्सा वायरवर सांडू नकोस."

मग ते लहान मुलांच्या कपड्यांचं काम आलं. कंपनीची कचेरी अलकापुरीत. आधी एक फोटो करून दाखवायचा, पसंत पडला तर वर्षभराचं सगळं काम आम्हाला. काकांच्या स्टुडिओला त्या कामाची फार गरज होती. मोठे स्टुडिओ अहमदाबादेत निघाले होते आणि आमच्याकडे पासपोर्टच्या फोटोंवर दिवस चालले होते.

फोटो असा हवा होता: पांढऱ्या गादीवर झबलं घातलेलं बाळ उताणं पडलंय, आणि कॅमेरा वरून, बरोबर त्याच्या डोक्यावरून खाली बघतोय. काकांनी मोठ्या स्टँडला आडवा दांडा लावला. दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला वजनाला वाळूची पिशवी. वायर दांड्याला बांधली, स्टँडवरून खाली आणली, पुन्हा बांधली. हात सवयीनं चालत होते. मीही पाहिलं आणि मनात म्हटलं, झकास.

बाळ गोड होतं. आठ-नऊ महिन्यांचं असेल. त्याची आई गादीपासून चार हातांवर, भिंतीला टेकून बसली होती. कंपनीचा तरुण मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. काका स्टँडजवळच्या स्टुलावर चढून एकेक फोटो काढू लागले. बाळ वर लोंबणाऱ्या लाल नाडीकडे बघून खिदळायला लागलं.

"बहु सरस!" मॅनेजर म्हणाला. "काका, चालू राखो, बाबो मूडमां छे."

आणि काका थांबले.

त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. वायरवरून त्यांची नजर सरकत गेली: दांड्यावरून स्टँडवर, स्टँडवरून जमिनीवर, तिथून माझ्या टेबलाकडे. मग त्यांनी बाळाच्या आईकडे पाहिलं. वायर तिच्या आणि बाळाच्या मधून जात होती. काकांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय.

"काका, शुं थयुं? लाइट बराबर छे," मॅनेजर म्हणाला.

काकांनी वरच्या गाठीचं मोकळं टोक खेचलं. स्टुलावरून उतरले, मधली गाठ सोडली, मग खालची. फट, फट. ज्या माणसानं आजवर मला गाठीशिवाय वायरला हात लावू दिला नव्हता, तो चालू कामात गाठी सोडत होता! वायर कॅमेऱ्याच्या त्या नाजूक तोंडाला नुसती लोंबत राहिली.

"काका, कॅमेऱ्याचं तोंड तुटेल!" मी ओरडले.

"तुटू दे," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. मग त्यांनी आईकडे वळून म्हटलं, "बेन, बाबाने लई लो."

काकांचा चेहरा पाहूनच ती घाबरली असावी. ती उठली नाही, झेपावलीच. तिचा पाय वायरमध्ये अडकला, ती गादीवर गुडघ्यांवर आपटली, आणि वायर कॅमेऱ्यातून काडकन आवाज करत उपटली गेली. माझा पडदा काळा झाला. वर दांडा थोडासा हलला आणि स्थिर झाला. आईनं बाळाला उचलून छातीशी धरलं. आता ते भोकाड पसरून रडायला लागलं होतं.

वायरच्या टोकाला कॅमेऱ्याचा एक चिमुकला तुकडा अडकून आला होता. आई तो पाहून कासावीस झाली. "माफ करजो काका, मारा लीधे तूटी गयुं," असं पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

"नहीं बेन, मारी ज भूल," काका म्हणाले. "गांठ छूटी गई हती."

मॅनेजर चिडला होता आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. त्यानं काकांना गाठी सोडताना डोळ्यांनी पाहिलं होतं. चालू कामात वायर कोण सोडतं? काम अहमदाबादेला गेलं. कॅमेरा दुरुस्तीला मुंबईला गेला तो कित्येक महिने आला नाही. अलकापुरीत सगळीकडे झालं, काकांचं आता वय झालं, ध्यान राहत नाही. मला इतका राग यायचा! मी म्हटलं, "मी जाऊन सांगते त्या मॅनेजरला. वायर बांधलेली राहिली असती तर तिच्या पायानं अख्खा कॅमेरा स्टँडसकट बाळावर आला असता."

"खबरदार," काका म्हणाले. "तो तिला सांगेल. त्या पोरीला आयुष्यभर झोप लागायची नाही." आणि त्यांनी माझ्याकडून शब्दच घेतला.

स्टुडिओ त्यानंतर फार चालला नाही. काका वारले तेव्हा बेसणुंला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, मी गेले होते. माझ्या शेजारी बसलेले दोघे धंद्यातले लोक हळूच बोलत होते, की काकांचा हात भारी होता, पण शेवटी शेवटी विसरायचे, एकदा तर चालू फोटोत वायर सोडून दिली होती. मी काकांना शब्द दिला होता. पण पांढऱ्या चादरीवर बसून मुठी आवळल्या होत्या एवढं आठवतंय.

बाळाच्या फोटोच्या त्या दुपारी सगळे निघून गेल्यावर काय झालं, ते मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी कॉम्प्युटर बंद करून वळले, तर काका त्या पांढऱ्या गादीवर आडवे झालेले. बाळाचं डोकं होतं तिथंच डोकं ठेवून, दोन्ही हात पोटावर घेऊन ते वरच्या कॅमेऱ्याकडे बघत होते. कॅमेरा काचेच्या डोळ्यानं थेट त्यांच्याकडे बघत होता. मी जवळ जाऊन बसले.

"आधी त्या पोरीलाच हाक मारणार होतो गं," काका म्हणाले. "गाठ मग सोडणार होतो. हाक अगदी ओठांवर आली होती."