हंड्यात सोनी नाही

मंडळी, आत्ताच सूर्यमाळहून जव्हारला परतले. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून लिहितेय.

मी लिनोच्या मऊ तक्त्यावर कोरून, उरलेल्या भागाला शाई लावून काळी-पांढरी चित्रं छापते. उन्हाळ्यात तिथल्या जनीताईंच्या ओसरीवर त्यांचा स्टीलचा हंडा ठेवून रेखाटला होता. आज त्याचा छाप त्यांना द्यायला गेले.

त्यांनी कागद उजेडात धरला. हंड्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "बाई, यात माझी सोनी कुठंय? तवा ती हंड्यात दिसत होती ना?"

दिसत होती. त्यांची चार वर्षांची लेक सोनी समोर नाचत होती आणि तिचं प्रतिबिंब सारखं हलत होतं. मीच तिला म्हटलं, "बाजूला हो गं." मग लिनोवर तेवढी जागा कोरून काढली. छापात ती कोरी पांढरी आली.

सोनी महिन्यापूर्वी तापानं गेली. घरात तिचा एकही फोटो नाही.

"परत काढाल का तिला तिथं?" ताईंनी विचारलं.

कोरलेलं लिनो भरून येत नाही. नवीन कोरावं, तर मला तिचा चेहराच आठवत नाही. मी सगळा वेळ हंड्याकडे बघत होते.

मी नुसती मान हलवली. त्यांनी ती 'हो' समजली.

तुम्ही काय सांगितलं असतं?