आतोबांचं विमान आणि फौजी जावई

आमच्या आतोबांइतका हट्टी माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. आत्याचे हे यजमान मुंबईच्या कारखान्यातून निवृत्त होऊन पोलादपूरजवळच्या कापडे गावात परतले. त्या वयात लोक भजनाला लागतात, नाहीतर भावकीच्या भांडणाला. आतोबा विमानं उडवायला लागले. रिमोटवर उडणारी, स्वतः घडवलेली. महाडच्या बाजारातून मासळीच्या पेट्यांचा थर्माकोल मागून आणायचे आणि त्याचे पंख कापायचे. त्यामुळे विमानाला बांगड्यांचा वास यायचा आणि ते वर गेलं की घारी मागे लागायच्या. "दुसरा थर्माकोल मिळत नाही का?" मी एकदा विचारलं. "घारींना पण करमणूक पायजे," असं उत्तर मिळालं. भात कापून झालं की रिकाम्या खाचरात उभं राहून उडवायचं. विमान डावीकडे वळलं की हेही डावीकडे कलायचे. ही खोड इतकी मुरली, की घाटातल्या एसटीतही वळण आलं की खांदा झुकवायचे आणि शेजारचा प्रवासी खिडकीला चिकटायचा.

एक नियम मात्र सोवळ्यासारखा कडक. विमान ज्याच्या शेतात पडेल तिथं स्वतः चालत जायचं, बांधावर चपला काढायच्या, नुकसान बघायचं, चूक कबूल करायची आणि मगच विमान उचलायचं. गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांना शिव्या घातल्या आहेत आणि त्या शिव्या ते मला कौतुकानं म्हणून दाखवायचे.

मग टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या. रोज कुठल्या तरी देशात ड्रोन कोसळताना दिसायचे, आणि गावानं आतोबांच्या विमानाची धास्ती घेतली. देवळात गावकी बसली. पोलीस पाटील म्हणाले, "काका, आता बंद करा. लोकं ड्रोन हाय म्हणतात."

"ड्रोन नाय, विमान हाय. उडवणार!"

"आणि गावकीनं नाय म्हटलं तर?"

"तर गावकीच्या समोर उडवणार!"

आतोबांचा जावई फौजेत, ड्रोन चालवायच्याच कामावर. तेव्हा रजेवर आलेला. तो सांगेल तो निकाल, असं गावकीनं ठरवलं. सासऱ्याच्या भांडणात जावयाला पंच नेमायचं, ही अक्कल आमच्याच लोकांना सुचावी. सासुरवाडीत चहाला साखर कमी आहे म्हणायची चोरी, तो निकाल काय देणार? बिचारा नुसतं "बघू" म्हणाला. आतोबांनी सरळ रिमोटच त्याच्या हातात दिला. "आधी उडवा जावईबापू, मग बोला."

सगळी गावकी खाचरात आली. जावयानं झोकात उडवलं. पण विमान वळून आपल्याच दिशेनं यायला लागलं की रिमोटवरचं डावं-उजवं उलटं होतं. फौजेत पडद्यावर बघून ड्रोन चालवणारा माणूस जणू त्या ड्रोनमध्येच बसलेला असतो, त्याला आपलं विमान आपल्या अंगावर येताना कधी दिसत नाही. जावई गडबडला आणि विमान शेजारच्या म्हातारीच्या वालात घुसलं. त्यानं ओशाळून रिमोट परत केला.

"अहं," आतोबा म्हणाले, "आता चालायचं."

म्हातारी कमरेवर हात ठेवून उभीच होती. "वेल मोडलेस रे मेल्या माझे!" मग जावई ओळखून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण आवाज काही उतरवला नाही. जावयानं बांधावर बूट काढले, हात जोडले. मग खाली बसून मोडलेले वेल एकेक उचलून बघत राहिला. आतोबांनी हाक मारली तेव्हा उठला.

देवळात परतल्यावर तो म्हणाला, "मामांना उडवू द्या. मी चालवतो ते जिथं पडतं, तिथं मला कधी जाता येत नाही. मामा जातात."

पोलीस पाटील म्हणाले, "मग उडवा, काका."

"नायतरी उडवणारच होतो," आतोबांनी ऐकवलं.

रजा संपली, जावई गेला. शेंगा उतरायच्या दिवसांत त्याचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "मामा, त्या आजींचे वेल परत धरले का हो?"

ते वेल केव्हाच वाळून गेले होते. कोणाचं मन राखायला आयुष्यात कधी खोटं न बोललेले आमचे आतोबा म्हणाले, "धरले तर! शेंगांनी नुसते लगडलेत. तुम्ही स्वतःला जपा."

त्या संध्याकाळी ते विमान घेऊन बाहेर पडले नाहीत. हातात बंद फोन धरून ओटीवर बसून राहिले, आणि आत्यानं दिवा लावायला सांगितलं तरी उठले नाहीत.