उम्म गयासचा अंगठा

हमा शहराच्या वेशीवर तंदूर लावणाऱ्या बाईला सगळे उम्म गयास म्हणत, म्हणजे गयासची आई. गयासला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तिचं नाव तेच. तुरुंगातनं त्याचा देह आला नव्हता, नुसतं ओळखपत्र आलं. तेव्हा नोंदणी कचेरीतल्या अबू नौफलनं एक कागद पुढं सरकवला होता: मुलाला बंडखोरांनी मारलं. अंगठा नाही तर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही तर नातवाला शाळा नाही. तिनं अंगठा दिला.

पुढं दमास्कसहून हुकूमशहा पळाला. मेलेल्यांची खरी कारणं नोंदवायला कचेरीत नवा न्यायाधीश बसू लागला. उम्म गयास धुतला रुमाल बांधून गेली, तर टेबलामागं अबू नौफलच.

"राज्य गेलं, अन् तू हाईसच का रं?"

"शिक्के कुठं ठेवलेत, दुसऱ्या कुणाला ठावं नाय, मावशी."

"दाढी बरी वाढवलीस, नव्या राज्यवाल्यांगत."

"थंडी हाय."

"मे महिन्यात?"

आतनं हाक आली. न्यायाधीशानं जुना कागद वाचला. "आजी, हा अंगठा तुमचाच ना?"

"माझाच. पण दाबून घेतला, बाबा."

"कुणी?"

तिनं अबू नौफलकडं बघितलं. रोज सकाळी तिच्याच तंदूरवरनं त्याच्या घरी सात रोट्या जात. "सांग की रं. तूच म्हणालास, मावशी, डोळे मिट अन् दाब."

अबू नौफल शिक्क्याची शाई पुसत राहिला. "लई कागद झाले, साहेब. याद नाय."

न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. "साक्षीदार नसेल तर एकच वाट. पहिली जबानी मी खोटी दिली, असं लिहून द्या. शिक्षा होणार नाही. मग खरं कारण चढवतो."

"म्हंजी खोटी मी?"

"कागदापुरतं, आजी."

"कागदापुरतंच मारलं व्हतं बंडखोरांनीबी."

शाईची डबी अबू नौफलनंच पुढं केली. तंदूरनं भाजून भाजून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच गेलेल्या. कागदावर नुसता निळा डाग उमटला.

गयास तुरुंगात मारहाणीनं मेला, अशी नोंद झाली. खोटं बोलणाऱ्याच्या जागी एकच नाव लागलं, त्याच्या आईचं.

दुसऱ्या दिवशी अबू नौफलच्या घरनं रोट्या न्यायला कुणी आलं नाही. तिनं भाजल्या होत्या. सात रोट्या दुपारपर्यंत तंदूरच्या कडेला वाळत पडल्या.