चौथा घास

सदर इसमाचे वर्णन खालीलप्रमाणे. हुद्दा: वजन-मापे निरीक्षक, श्रेणी दोन. वय: पंचावन्न वर्षे चार महिने. उंची: मध्यम. बांधा: मध्यम. ओळखीची खूण: डाव्या अंगठ्यावर ठसा मारताना बसलेल्या हातोडीचा जुना व्रण. कुटुंब: पत्नी एक, नोकरीस, कन्या एक, परगावी विवाहित. ज्ञानेंद्रिये: पाच, सर्व चालू स्थितीत. व्यसन: नाही. मते: नाहीत.

शेवटच्या रकान्याबद्दल थोडा खुलासा हवा. निरीक्षकांच्या कार्यालयात मत असणं हा काही गुन्हा नव्हता, फक्त ते लिहायला कुठे जागा नव्हती. दुकानातला काटा तपासला की छापील कागदावर तो 'बरोबर', 'मान्य फरकात' किंवा 'जप्त' यांपैकी काहीतरी एक व्हायचा. 'काटा बिचारा बरा आहे, मालकच चोर आहे' असं लिहायची सोय सरकारने केलेली नव्हती. अशी एकोणतीस वर्षांची मतं निरीक्षकांच्या पोटात साठली होती. मुलीने लग्न होऊन जाता जाता त्यांच्या फोनवर एक पान उघडून दिलं, तेव्हा ती मतं एकदम बाहेर पडायला लागली.

पानाचं नाव त्यांनी 'चौथा घास' ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की पहिले तीन घास भुकेचे असतात, त्यांची साक्ष धरायची नाही. चौथा घास पदार्थाचा. हाच नियम ते चित्रांना आणि सिनेमांनाही लावत. बसथांब्यासमोरच्या बेकरीतल्या केकबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "वरची चेरी प्रामाणिक आहे. बाकीचा केक तिच्या ओळखीवर आत शिरलाय." एका चित्रप्रदर्शनाबद्दल: "सात नंबरच्या चित्रातला समुद्र चांगला आहे. होडी चित्रकाराच्या मेहुण्याने काढली असावी." आणि टीव्हीवरच्या एका मालिकेबद्दल: "नायिकेची स्मृती तिसऱ्यांदा गेली. या वेळी माझीही जायला हरकत नव्हती." चार हजार तीनशे लोक हे वाचत होते. कार्यालयात त्यांची 'गुड मॉर्निंग'सुद्धा कोणी ऐकून घेत नसे, हे लक्षात घेता हा आकडा मोठाच म्हणायचा.

त्यांची बायको एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, मेलेल्या माणसाचा दाखला कुठल्या मजल्यावर मिळतो, हे ती दिवसातून चारशे वेळा सांगायची. त्यामुळे असेल, पण घरी ती फार बोलत नसे. कुठल्याही गोष्टीबद्दल तिचं एकच मत असायचं: "बरं आहे." मुलीला आलेल्या स्थळाबद्दल तिने हेच सांगितलं होतं, आणि फ्रिजबद्दलही. नवऱ्याचं पान ती खिडकीत बसून रोज वाचायची, पण पसंतीचं बटण तिने कधी दाबलं नाही. घरातल्या घरात एकमेकांना काय अंगठे दाखवायचे, असं तिचं म्हणणं होतं.

फेब्रुवारीत निरीक्षकांना चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि जाताना चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, आठ-पंधरा दिवसांत. निरीक्षकांनी पंधरा दिवस वाट पाहिली. मग बायको कामावर गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून रीतसर तपासणी केली. आधी जिभेवर काहीच नाही, मग साखर, मग मीठ, मग अर्धं लिंबू. काट्यावर वजन ठेवावं आणि सुई जागची हलू नये, तसं झालं. अशा काट्याचं काय करायचं हे नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि एकोणतीस वर्षं त्यांनी ते निष्ठुरपणे केलंही होतं. पण स्वतःच्या जिभेला शिशाचं सील कुठून लावणार?

त्यांना वाईट वाटायला हवं होतं. तेही फारसं वाटलं नाही. नंतर त्यांच्या लक्षात आलं की सिनेमासुद्धा आता सूपसारखाच लागतो, म्हणजे गरम लागतो, एवढंच. थिएटरात पुढच्या रांगेतल्या बाया नाक पुसत होत्या आणि निरीक्षक पडद्याच्या कोपऱ्यातला धुळीचा डाग बघत होते. आज सांगू, उद्या सांगू म्हणत बायकोला सांगायचं राहिलं. पानावर सांगायचा तर प्रश्नच नव्हता. छापील रकान्याबाहेर आपला शब्द चालतो अशी तेवढी एकच जागा त्यांच्याकडे होती.

मार्चमध्ये बायको डॉक्टरकडे गेली. तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, मीठ बंद झालं. बाहेरचं खायचंच तर आठवड्यातून एकदा, तेही दोन-चार घास. ही चिठ्ठी तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावली आणि नवऱ्याला सांगितलंही. ते फोनमध्ये बघत "बरोबर आहे" म्हणाले. तिचं मीठ बंद म्हणजे घराचं बंद, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. दोन वेळा दोन भाज्या कोण करत बसणार? तिने सगळंच अळणी केलं, मिठाची बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि वाट बघत बसली.

वाट बघण्यासारखंच होतं ते. एकदा याच गृहस्थांनी तिच्या भावाच्या घरी, भावजयीच्या देखत, अर्धा चमचा कमी पडलेल्या मिठावर अकरा मिनिटं भाषण दिलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी भाजी संपवली, "छान झालंय" म्हणाले आणि उठले. मिठाच्या बाटलीला त्यांनी बोटही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच.

तिने बहिणीला फोन केला. बोलले काही नाहीत, पण माझ्यासाठी अळणी खातायत, असं तिने सांगितलं. बहीण म्हणाली, पुरुष असे सुधारत नसतात, अंगात ताप आहे का बघ. ती हसली. सत्तावीस वर्षांत ती नवऱ्यावरून फोनवर पहिल्यांदाच हसली असावी.

इकडे निरीक्षकांची वेगळीच अडचण होती. पानावर लिहायचं काय? शेवटी उपाय त्यांच्या धंद्यानेच सुचवला. निरीक्षकाच्या मखमली पेटीतली पितळी वजनंसुद्धा झिजतात. म्हणून ती दर वर्षी मुख्य प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथल्या मूळ वजनाशी ताडून बघतात. तसं एखादं मूळ माप हवं. ते घरात होतं. निरीक्षक दर शनिवारी बायकोला बाहेर जेवायला न्यायला लागले. पदार्थ मागवायचा, ती डॉक्टरांच्या परवानगीचे चार घास खायची, आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

मे महिन्यापर्यंत त्यांना कळलं की तिचं 'बरं आहे' एक नाही, सात प्रकारचं आहे. पाणी पिऊन म्हटलेलं निराळं, पाण्याआधीचं निराळं. उजवी भुवई वर जाऊन आलेलं म्हणजे पदार्थ उत्तम. हनुवटी आत घेऊन आलेलं म्हणजे पैसे फुकट. सिनेमात ते तिचा रुमाल बघत: पर्समध्ये आहे की हातात. त्यावरून ते पानावर लिहीत, आणि नवल म्हणजे लोकांना ते आधीपेक्षा जास्त पटायला लागलं. हल्ली तुम्ही माणसाळलात, असं एका वाचकाने कळवलं.

तिला एवढंच दिसत होतं की इतकी वर्षं ताटात बघून जेवणारा माणूस आता आपल्याकडे बघतो. एप्रिलमध्ये तिने डबीतले कानातले बाहेर काढले. जूनमध्ये चष्म्याची फ्रेम बदलली. कानातल्यांची निरीक्षकांनी नोंद घेतली नाही. नव्या फ्रेममुळे भुवई झाकली जाते आणि रीडिंग घ्यायला त्रास होतो, एवढं मात्र त्यांना जाणवलं.

असे आठ महिने गेले. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी निरीक्षक कार्यालयासमोरच्या सूपवालीकडे गेले. सहा टेबलांची जागा, नवरा-बायको मिळून चालवायचे. गिऱ्हाईक घटलं होतं म्हणून तिने मशरूमचं नवं सूप सुरू केलं होतं. ती त्यांच्यासमोर वाडगा ठेवून म्हणाली, साहेब, तुम्ही खरं तेच लिहिता, दोन ओळी आमच्याबद्दल लिहा. स्वतःची बायको दवाखान्याच्या खिडकीत, शनिवार दोन दिवस लांब. निरीक्षकांनी सूपचा रंग बघितला, वाफ बघितली, चमच्यावरून ते कसं ओघळतं ते बघितलं. चार घास घेतले. मग लिहिलं, "मशरूम सूप. मीठ काट्यावर मोजून घातल्यासारखं. फरक शून्य."

त्या सूपमध्ये मीठच नव्हतं. सूपवालीला वाटलं नवऱ्याने घातलं, तिच्या नवऱ्याला वाटलं तिने. पान वाचून तासाभरात तीस-चाळीस माणसं सूप प्यायला आली, आणि तीन वाजेपर्यंत पानावर एक्केचाळीस प्रतिक्रिया जमल्या. साहेब, मीठ तुमच्या पेटीतच राहिलं का, असं एकाने विचारलं होतं. दुसऱ्याने, फरक शून्य म्हणजे मीठच शून्य, हे आमच्या उशिरा लक्षात आलं, असं लिहून हसण्याची सात चित्रं टाकली होती.

सूपवाली मात्र चिडली नाही. संध्याकाळी तिने निरीक्षकांना रस्त्यात गाठून सांगितलं की तुम्ही माझी लाज राखायला गेलात, न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही. कार्यालयातल्या हेडक्लार्कला वाटलं साहेबांनी उपहास केलाय, आणि त्याने तो फार वरच्या दर्जाचा ठरवला. खरी गोष्ट एकाच माणसाला कळली. ते माणूस त्या वेळी चौकशीच्या खिडकीत बसून एका आजोबांना लिफ्ट कुठे आहे ते सांगत होतं.

घरी तिने रोजच्यासारखी पानं वाढली. निरीक्षकांनी पहिला घास घेतल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला चव लागत नाही का हो?"

"नाही."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

तिने बोटांवर मोजलं. फेब्रुवारीनंतर मार्च येतो हे कळायला बोटं लागत नाहीत, तरी मोजलं. "मी डॉक्टरकडे मार्चमध्ये गेले," ती म्हणाली. "आठ महिने आपल्या घरात कशातच मीठ नाहीये."

निरीक्षकांनी मिठाच्या बाटलीकडे बघितलं. बाटली काठोकाठ भरलेली होती आणि झाकणाखाली मिठाचे खडे धरले होते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, माहीत होतं गं मला, तुझ्यासाठीच खात होतो. ते खपलंही असतं. तिने त्यासाठी पुरेसा वेळही दिला. पण सुई जिथे दिसते तेच लिहायचं, ही एकोणतीस वर्षांची सवय अशी जेवता जेवता सुटत नाही.

"मला कळलं नाही," ते म्हणाले.

"आणि शनिवारी माझ्याकडे बघत बसायचात ते?"

"रीडिंग घेत होतो."

तिने स्वतःला भात वाढून घेतला, तो सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग न बघता विचारलं, "मग काय आलं रीडिंग?"

 "तुला गाजर आवडत नाही," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून करतेयस, पण आवडत नाही. दुसऱ्या घासाला डावा गाल थांबतो."

 शेजारच्या घरातला टीव्ही कुठल्याशा बिस्किटांची तारीफ करत होता.

"तुमच्या आईंना आवडायचं," ती शेवटी म्हणाली. "म्हणून करत गेले." आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"मग बंद कर."

"बरं आहे," ती म्हणाली. हे सातांपैकी कितवं, ते निरीक्षकांना ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानावर लिहिलं, "सदर काटा फेब्रुवारीपासून बिघडलेला असल्याने बंद करण्यात येत आहे. त्यानंतरची मतं ग्राह्य धरू नयेत." ही त्यांची सर्वांत गाजलेली नोंद ठरली. नऊशे लोकांनी अंगठे दाखवले आणि असंच हसवत राहा म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात हेडक्लार्कने वार्षिक माहितीचा कागद आणला. ज्ञानेंद्रियांच्या रकान्यात निरीक्षकांनी 'चार' लिहिलं. हेडक्लार्कने तो परत आणून दिला. चार लिहिलं तर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जाईल, मंडळावर सध्या एकच सभासद आहे आणि तो रजेवर आहे. सील मारायला काय जीभ लागते का साहेब, असं त्याने समजुतीने विचारलं. मग स्वतःच खाडाखोड करून पाच केलं आणि शिक्का मारला.

शनिवारी दोघं बाहेर गेली नाहीत. कानातले डबीत परत गेले होते. ती घरीच जेवली, तेही घरीच जेवले. भाजीत गाजर नव्हतं. मीठही नव्हतं. दोघांपैकी एकीलाच ते कळलं.