चार मिनिटांचा फोन

हिमायतनगरातल्या आमच्या ऑफिसात आम्ही नऊजण फोन घ्यायचो. घरी आजारी माणसाला ऑक्सिजन देणारी मशीन आमची कंपनी पुरवते. ती बिघडली की घरचे लोक आम्हाला फोन करतात. या टीमची प्रमुख मी होते. अजूनही आहे.

टीममधले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ काचीगुड्याचे. पूर्वी ते घरोघरी जाऊन मशीन दुरुस्त करायचे. गुडघे गेले तेव्हा कंपनीने त्यांना फोनवर बसवलं. मराठी, दखनी, तेलुगू, तिन्ही भाषा ते सारख्याच संथपणे बोलत. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे.

त्यांची एक पद्धत होती. "फोन जरा मशीनजवळ धरा, अम्मा," असं सांगून ते डोळे मिटून ऐकत. जाळीत धूळ साचली की एक आवाज, नळी मुडपली की दुसरा, मशीन भिंतीला चिकटून हवा अडली की तिसरा. मग फोनवरच सांगायचे, हे करा, ते करा. अर्ध्याअधिक वेळा मेकॅनिक पाठवावाच लागत नसे.

"काका, हे बाकीच्यांना शिकवता येईल का?" मी एकदा विचारलं.

"हौ, येईल की. पण आधी आवाज जमवावे लागतील, ताई."

मी त्यांना दर गुरुवारी दुपारी तासभर मोकळं केलं. ते जुनी रेकॉर्डिंग ऐकत, त्यातले आवाज वेगळे काढत. हळूहळू दोघीतिघी त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून बसायला लागल्या. त्या तासाला ऑफिसात जी गंमत असायची, ती मी नंतर कधी पाहिली नाही.

मग वरून नवीन सॉफ्टवेअर आलं. प्रत्येकाच्या स्क्रीनवर घड्याळ. फोन चार मिनिटांच्या वर गेला की आकडे लाल. पहिल्याच महिन्यात आमची टीम सगळ्यांत खाली गेली आणि साहेबांनी मला बोलावलं.

"नवीन कल्पना वगैरे ठीक आहे," ते म्हणाले, "पण आधी हे लाल कमी करा."

मी वाद घालू शकले असते. आवाज ऐकून मेकॅनिकच्या किती फेऱ्या वाचतात, ते मांडता आलं असतं. मी मांडलं नाही. बढतीची यादी निघायची होती, हे खरं कारण. त्याच दुपारी मी गुरुवारचा तास बंद केला आणि काकांना सांगितलं, "आवाजबिवाज नको आता. तक्रार नोंदवायची, मेकॅनिक पाठवायचा."

"तुम्ही म्हणता तसं," एवढंच ते म्हणाले.

दोन महिन्यांत त्यांचे आकडे सगळ्यांत चांगले झाले. मी त्यांना सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं. त्यांनी ते न वाचताच ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका घरून सकाळी काकांना फोन आला. सासूबाईंना मशीन लावलेलं, आणि सून घाबरून बोलत होती. मेकॅनिक दुपारी पोचला तेव्हा घराला कुलूप होतं. सासूबाईंचा श्वास वाढला म्हणून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. आजार आधीच हाताबाहेर गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांनी आमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही.

मी त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. सून म्हणत होती, "हा आवाज ऐका ना, असा कधी येत नाही." मग मशीनची घरघर. मग काकांचं काहीच न बोलणं. आणि शेवटी, "तक्रार नोंदवली आहे, मेकॅनिक येईल."

मी त्यांना आत बोलावलं. "तुम्हाला कळलं होतं?"

"हौ. मशीन भिंतीला चिकटलं होतं. हातभर पुढे ओढायचं होतं फक्त."

"मग सांगितलं का नाही?"

"चार मिनिटं होत आली होती, ताई. मी घड्याळ बघत होतो." मग म्हणाले, "पूर्वी मी घड्याळ नव्हतो बघत."

त्यांनी मला दोष दिला नाही. पंधरा दिवसांनी राजीनामा दिला.

मग मी साहेबांकडे गेले. आधीच जायला हवं होतं. आश्चर्य म्हणजे त्यांनी फारसं न ताणता मान्य केलं: वेगळा आवाज असेल तर दहा मिनिटांची मुभा, आणि गुरुवारचा तासही परत. मी काकांच्या घरी गेले. ते आता सुलतान बाजारात मेहुण्याच्या कापडाच्या दुकानात बसतात. काकूंनी चहा दिला. मी परत यायची विनंती केली.

"नको, ताई," ते म्हणाले. "त्या सुनेचा आवाज कानातून जात नाही. दुसरं काही ऐकू येणार नाही मला आता."

आता दर गुरुवारी दुपारी आम्ही जमतो. फोन बंद असतात, वेळ असतो. मी विचारते, "कुणाला काही नवीन सुचतंय का?" सगळ्यांच्या नजरा आपापल्या टेबलावरच्या स्क्रीनकडे असतात. कुणी काही बोलत नाही. पाच-सात मिनिटं वाट पाहून मी म्हणते, बरं, आणि सगळे आपापल्या जागी परत जातात.