चार ग्रॅम जास्त

कुसाकाबेबाईंचा माणसांवर विश्वास नव्हता, वजनकाट्यावर होता. टोकियोतल्या त्या ग्रंथालयात जुनी मासिकं जपून ठेवलेली: सिनेमाची, विणकामाची, गावगप्पांची. वाचक पानं कापून नेतात याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून अंक देताना आणि परत घेताना त्या तो टेबलावरच्या स्वयंपाकाच्या छोट्या काट्यावर ठेवायच्या. वाचकाला राग आला तर येवो.

अठरा वर्षांपूर्वी विणकामाच्या एका अंकातलं स्वेटरचं पान गेलं होतं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मिनेगिशीला विणकामाचं वेड. बाईंना एवढा पुरावा पुरला.

"मिनेगिशी-सान, पान निमूट आणून ठेवा, आम्ही काही बोलणार नाही," त्या चारचौघांत म्हणाल्या.

मिनेगिशी टेबल आवरून नोकरी सोडून गेली. मात्र दर नव्या वर्षाला तिचं शुभेच्छापत्र यायचं. त्यावर एकच ओळ: पान सापडलं का? बाईंनी एकदाही उत्तर दिलं नाही. यंदा पत्र आलंच नाही, तेव्हा "वाटली वाटतं लाज एकदाची," म्हणून त्या मनातून खूश झाल्या.

आणि आता हे मोरिवाकी आजोबा सलग तिसऱ्या गुरुवारी नेमका तोच अंक मागत होते. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या चष्म्यावरून टक लावून बसल्या. म्हातारा घामाघूम. तासाभराने त्याने अंक परत केला. बाईंनी तो काट्यावर ठेवला.

चार ग्रॅम जास्त.

त्यांनी पुन्हा ठेवला. तेवढेच. मग पानं उलटली. स्वेटरचं पान जागच्या जागी सरकवलेलं होतं.

"बायकोने कापलं होतं हो," आजोबा कमरेत वाकून म्हणाले. "वसंतात ती गेली. सुयांच्या डब्यात हे निघालं. गुपचूप ठेवून जाणार होतो, पण तुम्ही नजर हटवाल तर शपथ! कुणाला त्रास नाही ना झाला, कुसाकाबे-सान?"

"झाला," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे झाला."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलावरचं कोरं कार्ड ओढून त्यांनी लिहिलं: पान सापडलं. चूक माझी. पत्त्यासाठी गेल्या वर्षीचं शुभेच्छापत्र बाहेर काढलं. त्यावरचं मिनेगिशीचं अक्षर थरथरत, ओळीखाली घसरत गेलेलं होतं.

यंदा पत्र का आलं नाही, हा प्रश्न बाईंना तेव्हा कुठे पडला.