वैनींनी वाचलेला शेवट

वैनींना मोठ्यानं वाचायची सवय होती. मनातल्या मनात वाचणं म्हणजे एकट्यानं जेवणं, असं त्या म्हणायच्या. दुपारची कामं उरकली की लोहाऱ्याच्या वाचनालयातलं पुस्तक घेऊन ओसरीवर बसायच्या. मी शेजारी अंबाडीचा दोर वळायचो. ऐकत नाही असं दाखवायचो.

वैनी म्हणजे माझी बायको. थोरला भाऊ वीज पडून गेला, तेव्हा त्यांच्या कडेवर दोन वर्षांचं पोर होतं. घर फुटू नये, पोर परक्या दारी जाऊ नये, म्हणून वडीलधाऱ्यांनी माझ्याशी त्यांचं मोहतूर, म्हणजे दुसरं लग्न, लावलं. दोघांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला भावजी म्हणायचं सोडलं. मी वैनीच म्हणत राहिलो, तेही 'तुम्ही' लावून. पारावरचे चिडवायचे, "आरं, बायको केलीस का पाव्हनी ठिवलीस?"

थोरल्याची बायको मी हावरेपणानं घेतली असं कुणी म्हणू नये, एवढाच माझा ताठा. थोरल्याचं पोर मोठं होऊन शहरात गेलं, दोन लेकी झाल्या, नांदायला गेल्या, तरी तो ताठा गेला नाही. भिंतीवर थोरल्याचा फोटो. आम्ही दोघं म्हातारे झालो, तो झाला नाही.

एकदा भाकरी थापता थापता वैनी म्हणाल्या, "एक डाव नावानं हाक मारा की. कशी ऐकू येती बघू."

"आता या वयात? लोक हसतील," मी म्हणालो.

"लोक हितं कुठंयत?"

मी उठून गोठ्यात गेलो.

शेवटचं पुस्तक त्यांनी आणलं ते एका सरदाराचं. गढी वाचावी म्हणून तो मेलेल्या भावाच्या बायकोशी लग्न करतो आणि जन्मभर तिला परक्यासारखं वागवतो. शेवटी लढाईवर निघताना सरदार माघारी येतो, तिला नावानं हाक मारतो आणि म्हणतो, तू माझी आहेस. एवढं वाचून वैनी थांबल्या.

मी म्हणालो, "कायबी लिव्हतेत. सरदार मानूस असं बोलंल व्हय?"

"बोलला तर काय बिगडतंय?" म्हणाल्या, आणि पुस्तक मिटलं.

त्याच महिन्यात छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत वैनी गेल्या.

तेव्हापासून दुपारी ओसरीवर पान उलटल्याचा आवाज येतो. वारा नसला तरी येतो. एके दिवशी मीच ते पुस्तक काढलं. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षराखाली बोट धरून शेवट वाचायला आठ दिवस लागले. त्यात सरदार माघारी येतच नाही. तिला काही न बोलताच लढाईवर जातो. ती तटावर उभी राहते आणि पुस्तक संपतं. पुढची मागची पानं पुन्हा पुन्हा चाळली. हाक कुठंच नव्हती. ती वैनींनी स्वतःच्या पदरची वाचली होती, माझ्याकडं न बघता.

पुस्तक परत करायला जीपनं लोहाऱ्याला गेलो. वाचनालयातल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, कुणाच्या नावावर आहे पुस्तक?"

"वैनींच्या."

"वैनी म्हणजे कोण? नाव सांगा ना."

मी पुस्तकाचा पुठ्ठा पुसत राहिलो. मागं माणसं खोळंबली होती.

"कलावती," म्हणालो.

"तुमच्या कोण?"

"बायको."

पोरीनं वही उघडली, नाव शोधलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.